परवाना क्रमांक १

माझ्या लेकीला बारमध्ये काम करायचं आहे. गणपतीत सगळं घर जमलेलं असताना तिनं हे सांगितलं. सासूबाईंच्या हातातला मोदक ताटात परत गेला. “पोरीला शिकवलीस ती दारूच्या गुत्त्यावर उभी करायला काय गं?” त्या मला म्हणाल्या. ह्यांनी काही न बोलता पंप चालू करायचं निमित्त काढलं आणि मागच्या दारानं बाहेर गेले.

सासूबाईंचा राग मला समजत होता. आमचं पोलादपूरला महामार्गालगत जेवणाचं हॉटेल आहे. तांदळाची आणि नाचणीची भाकरी, कोंबडीचा रस्सा, सुकट, वालाचं बिरडं, सोलकढी. दारू नाही. गाडीतून उतरलेले लोक हळूच विचारतात, “ताई, बसायची सोय आहे का?” आम्ही नाही म्हणतो आणि ते पुढच्या परमिट रूमला जातात. कशेडीचा बोगदा सुरू झाल्यापासून आणि रस्ता रुंद झाल्यापासून गाड्या थांबतात कमी, तरीही आम्ही दारूचा परवाना मागितलेला नाही. माझं माहेर महाड तालुक्यातलं. तिथल्या वाडीत हातभट्टीनं संपलेली घरं मी पाहिली आहेत. भट्टीचे डबे उलथून टाकणाऱ्या बायकांमध्ये माझी आई होती. गावातल्या निम्म्याहून अधिक मतदार बायकांनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीला मत दिलं, तर गावातलं दारूचं दुकान बंद करायची सोय महाराष्ट्रात आहे. ती सोय बायकांनी भांडून मिळवली आहे आणि तिची मला किंमत आहे. शिवाय २००५ साली डान्सबारवर बंदी आली, तेव्हा पनवेलपासूनच्या बारांबद्दल पेपरात जे छापून यायचं, ते आमच्या पिढीच्या मनातून पुसलेलं नाही. बार म्हणजे काळ्या काचेचं दार, आत मिणमिणता दिवा आणि बाहेर पडताना तोंडावर धरलेला रुमाल.

लेक म्हणाली, “आई, तू एकदा चल. डोळ्यांनी बघ आणि मग नको म्हण.” ती मुंबईत हॉटेल मॅनेजमेंट शिकते. मला कुठं न्यायचं हे तिनं आधीच ठरवलं होतं. अपोलो बंदरावरच्या ताजमहाल हॉटेलातला हार्बर बार. १९३३ साली उघडलेला आणि मुंबईतला बारचा पहिला परवाना ज्याच्या नावावर आहे, असा.

आम्ही पहाटेच्या एस.टी.नं निघालो. दुपारी तिनं मला चर्चगेटला गेलॉर्डमध्ये जेवायला नेलं, कारण जुनं हॉटेल कसं चालतं ते तिला मला क्रमानं दाखवायचं होतं. हे १९५६ सालचं. संगीतकार जयकिशन यांचं इथलं टेबल ठरलेलं असे. माझं लक्ष मात्र वाढणाऱ्यांकडे होतं. पांढऱ्या केसांचा माणूस डाव्या हातावर तीन ताटल्या तोलत चालला होता, आणि त्याच्या चालीत घाई नव्हती. धंद्यातल्या माणसाला ते लगेच दिसतं. घाई स्वयंपाकघरात ठेवून बाहेर यायला वर्षं लागतात.

संध्याकाळी ताज. ही इमारत १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडली, म्हणजे गेटवे ऑफ इंडियाच्या आधी. गेटवेचं उद्घाटन १९२४ सालचं. बोटीनं येणाऱ्याला तोवर मुंबई म्हणून आधी दिसायचं ते हे हॉटेल. जमशेटजी टाटांनी ते बांधून घेतलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण नकाशे काढणाऱ्यांत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हा मराठी माणूस होता, हे मला लेकीकडून कळलं. त्यांच्या जोडीला डी. एन. मिर्झा होते आणि पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरं केलं. जमशेटजींना वॉटसन हॉटेलात शिरू दिलं नाही म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. इतिहासाचे अभ्यासक तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. वॉटसन हे गोऱ्यांचं हॉटेल होतं आणि ताजमध्ये हिंदी माणसाला पहिल्यापासून जागा होती, एवढं मात्र खरं.

बारमध्ये शिरल्यावर मी आधी दिवे पाहिले. अंधार नाही. उजेड मऊ आहे, पण समोरच्याचा चेहरा नीट दिसतो. खिडक्यांमधून गेटवे आणि त्यामागे बोटी दिसतात. लाकूड, पितळ, काच, आणि सगळ्यावर रोजच्या पुसण्याची झाक. आम्ही बायका-बायकाच होतो, मी सहावारी साडीत. कोणी वळून पाहिलं नाही. आमच्याकडे आलेला मुलगा खेडचा निघाला. पोलादपूर ऐकताच त्याची इंग्रजी संपली आणि तो म्हणाला, “मग काकू, तुम्ही घाटाच्या त्या बाजूच्या!”

आता कॉकटेल म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही ते तिथं बसूनच नीट समजलं. १८०६ साली अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रानं त्याची व्याख्या छापली होती: कुठलंही कडक मद्य, साखर, पाणी आणि कडवट अर्क. त्यानंतर हजारो प्रकार झाले, पण पाया तोच राहिला. आमटीत चिंच, गूळ, मीठ आणि तिखट एकमेकांना धरून ठेवतात, तसं इथं कडक, आंबट, गोड आणि कडू यांना एकमेकांना धरायला लावायचं. मद्याची धार लपवली तर ते सरबत झालं आणि ती एकटीच पुढं आली तर नुसता पेग.

यातला पाण्याचा भाग मला सगळ्यात आवडला. बारवाला डब्यात बर्फ घालून हलवतो, तो केवळ गार करायला नव्हे. हलवताना बर्फ वितळतो आणि पेयाचा चांगला मोठा हिस्सा त्या पाण्याचा होतो. म्हणजे पाणी पाककृतीतच धरलेलं असतं, फक्त ते मापानं ओतत नाहीत, हाताच्या अंदाजानं आणतात. किती वेळ हलवायचं ते डब्याच्या आवाजावरून आणि बोटांना लागणाऱ्या गारव्यावरून ठरतं. बर्फाचा चुरा लवकर वितळतो, मोठा खडा हळू. म्हणून बर्फ कसा आहे यावर सगळं अवलंबून असतं. आज मशीननं होणारा हा बर्फ १८३०च्या दशकात बोस्टनहून जहाजात भरून, लाकडाच्या भुशात गुंडाळून मुंबईला येत असे.

लिंबंही मी निरखून पाहिली. पातळ सालीची, हिरवट-पिवळी. रस पिळून ठेवला की काही तासांत त्याची चव उतरते, हे मी सोलकढीच्या हंगामात आलेल्या गिऱ्हाइकांना लिंबूसरबत करून देताना शिकले आहे. इथंही रस लागेल तसाच पिळत होते. पेला उचलून उजेडाकडे धरायचा, डाग दिसला की वाफ देऊन पुन्हा पुसायचा, बोटं काठाला लावायची नाहीत. समोर उभा असलेला बारमन गिऱ्हाइकाशी बोलता बोलता हे सतत करत होता.

तिथलं नावाजलेलं पेय आहे ‘फ्रॉम द हार्बर सिन्स १९३३’. त्याची गोष्ट अशी सांगतात: अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी होती. ५ डिसेंबर १९३३ रोजी ती उठली. त्या सुमारास मुंबई बंदरात आलेल्या एका अमेरिकी आरमारी माणसानं बारवर येऊन मागणी केली, की या दिवसाला शोभेल असं काहीतरी दे. त्यातून हे पेय झालं. जिन, पीचचा आणि अननसाचा रस, लिंबू, वर हिरवी शार्त्रूझ आणि गॅलियानो ही दोन लिकर. शार्त्रूझ फ्रान्समधले एका पंथाचे साधू करतात. तिच्यात १३० वनस्पती असतात आणि पुरी कृती दोन-तीन साधूंनाच ठाऊक असते. गॅलियानो इटलीतली, १८९६ पासूनची, पिवळीधमक, व्हॅनिला आणि चक्रीफुलाच्या वासाची. हिरव्या शार्त्रूझमध्ये ५५ टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे ती गरम केली की पेट घेते. बारमननं ती पेटवली आणि निळी ज्योत तशीच पेल्यात उतरवली. गिऱ्हाइकांच्या गर्दीत उघडी आग हाताळताना त्याचा हात जराही हलला नाही.

मागवलं मी, लेकीनं नाही. कारण महाराष्ट्रात कडक दारू पिण्याचं कायदेशीर वय २५ आहे आणि ती अजून त्याच्या आतली आहे. बिअर आणि वाईनसाठी २१. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: महाराष्ट्रात दारू प्यायला पिणाऱ्याच्या नावावरही परवाना लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १०० रुपये, जन्माचा १,००० रुपये. मी एका दिवसाचा घेतला. चव सांगायची तर आधी अननस आणि लिंबू, मग बडीशेपेसारखा वास, आणि शेवटी जिभेच्या मागे रानातल्या पाल्याचा कडवटपणा बराच वेळ राहिला. मी सावकाश प्याले. पेय चांगलं होतं आणि मला दुसरं हवंसं वाटलं नाही. एका पेल्याच्या पैशात आमच्या हॉटेलात एक कुटुंब पोटभर जेवतं, हेही लिहून ठेवते.

हा परवान्याचा प्रकार १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून आलेला आहे. १९३९च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस मंत्रिमंडळानं मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग केला, तो टिकला नाही. मग स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९५०पासून पुरी बंदी आली. प्यायची तर डॉक्टरचा दाखला जोडून आरोग्याचा परवाना काढायचा किंवा परदेशी पाहुणा असायचं. शहरात हातभट्ट्या वाढल्या आणि वस्त्या-वस्त्यांमध्ये घरातल्या खोलीत चोरून दारू मिळू लागली. साठच्या दशकात बंदी सैल झाली, कायदा मात्र तोच राहिला. आमच्या महामार्गावर जागोजागी लागलेल्या ‘परमिट रूम’च्या पाट्या त्याच कायद्याच्या आहेत. काळ्या काचाही त्यातूनच आल्या, असं मला वाटतं. एखादी गोष्ट दोन-तीन पिढ्या लपून करावी लागली, की ती उघडपणे आणि मापात करायची रीत समाजात रुजतच नाही. आमच्याकडची माणसं बारमध्ये बसत नाहीत, ढोसून निघतात. मला त्रास होतो तो या ढोसण्याचा.

परवाना कोणाला आणि बंदी कोणाला, हा प्रश्न आमच्या मुलखात जुना आहे. रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता. १८९२ साली सरकारनं मोहाच्या फुलांचा कायदा केला आणि ठाणे-कुलाब्यात ती फुलं जवळ बाळगण्यावर बंधनं घातली. कातकऱ्यानं रानात पडलेलं फूल उचललं तर गुन्हा, कारण त्या फुलांच्या दारूमुळे सरकारच्या अबकारी उत्पन्नाला धक्का बसत होता. आणि त्याच काळात साहेब लोक मुंबईहून बोटीनं सावित्रीच्या मुखातून दासगाव-महाडपर्यंत येत, तिथून पोलादपूरवरून घाट चढून महाबळेश्वर गाठत, आणि त्यांच्या सामानात जिनच्या बाटल्या असणार.

महाडचा माणूस हा विचार करू लागला की त्याला चवदार तळं आठवतंच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथं ओंजळभर पाणी घेतलं, आणि त्या दिवशी सभेहून परतणाऱ्यांना मार खावा लागला. तळं सगळ्यांसाठी खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ सालीच झालेला होता. त्यावरच्या खटल्यात हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. म्हणजे १९३३ साली अपोलो बंदरावर पहिला परवाना भिंतीवर लागला, तेव्हा महाडच्या पाण्याचा खटला चालूच होता. पाण्याची आणि दारूची बरोबरी मी करणार नाही. पण एखाद्या सुंदर जागेचं वैभव सांगताना, त्या वर्षी आत कोण येऊ शकत होतं आणि बाहेर काय चाललं होतं हे सांगितल्याशिवाय मला ते पुरं वाटत नाही.

वैभव होतंच. तीस-चाळीसच्या दशकांत ताजमध्ये अमेरिकेतून आलेले कृष्णवर्णीय जॅझ वादक वाजवत. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा बँड आला होता. १९३९ ते १९६१ इतकी वर्षं मिकी कोरिया यांचा बँड तिथं होता. अशा बँडमधून वाजवणारे गोव्याचे वादक दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात. चिक चॉकलेट या नावानं गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ हे त्यातलेच. आपले संगीतकार सी. रामचंद्र यांनी त्यांना जवळ केलं आणि १९५१च्या ‘अलबेला’ चित्रपटात त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. आमच्या घरी रेडिओवर ‘अलबेला’ची गाणी लागली की माझे वडील काम थांबवत. त्या ठेक्याचा उगम अशा हॉटेलांच्या नाचघरात आहे, हे त्यांना कळलं असतं तर फार आनंद झाला असता.

या इमारतीनं वाईट दिवसही काढले. पहिल्या महायुद्धात तिचं ६०० खाटांचं इस्पितळ झालं होतं. २६ नोव्हेंबर २००८ला दहशतवादी आत शिरले, त्यानंतरच्या तीन रात्री सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिल्या. तिथल्या कर्मचाऱ्यांना मागची दारं माहीत होती. ते पळून जाऊ शकत होते. त्यांनी पाहुण्यांना बाहेर काढलं आणि त्यात त्यांच्यातल्या काहींचा जीव गेला. जुना भाग दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१०ला पुन्हा उघडला. त्या रात्री वाढप्यांनी आणि स्वयंपाक्यांनी जे केलं, त्याबद्दल मला काय वाटतं ते शब्दांत नीट सांगता येत नाही. मीही लोकांना वाढून जगते, एवढंच म्हणते.

निघायच्या आधी मी बारमनला विचारलं, मुलींना हे काम झेपतं का? तो म्हणाला, “काकू, झेपण्यासारखं यात काय आहे? हात आणि जीभ लागते.” लेकीनं मग मला शतभी बासूंबद्दल सांगितलं. त्या १९८१ पासून मुंबईत हे काम करतात, देशातल्या पहिल्या महिला बारटेंडर म्हणून ओळखल्या जातात आणि त्यांनी हे शिकवणारी संस्थाही काढली. दिल्लीत बायकांना दारू मिळणाऱ्या जागी नोकरी द्यायलाच कायद्यानं बंदी होती, ती सुप्रीम कोर्टानं २००७ साली मोडीत काढली. आणि दादरचं केटरिंग कॉलेज १९५४ साली सुरू झालं, ते लीलावती मुन्शींच्या पुढाकारानं, बायकांनीच चालवलेल्या एका अन्न परिषदेतून. हॉटेलातलं काम सन्मानाचं शिक्षण म्हणून उभं करणाऱ्या बायकाच होत्या तर.

परतीच्या गाडीत मी लेकीला सांगितलं की मला हे काम पटलं. गिऱ्हाईक जास्त झालं की त्याला पुढचा पेला न देणं हाही त्या कामाचा भाग आहे, असं बारमननं मला सांगितलं होतं. ते ज्या दिवशी तुला जमणार नाही, त्या दिवशी घरी ये, असं मी तिला म्हटलं. तिनं मान डोलावली आणि लगेच आगळाच्या कॉकटेलची गोष्ट काढली. आपल्या कोकमाच्या आगळात आंबट, खारट आणि रंग तिन्ही आहेत, त्यात लिंबू घालायची गरजच नाही, असं तिचं म्हणणं. मी या मेमध्ये तिच्यासाठी दोन बरण्या वेगळ्या घालणार आहे, मीठ कमी ठेवून.

सासूबाईंची समजूत अजून पटलेली नाही. आम्ही दोघी त्यांच्याशी बोलतो आहोत. ह्यांनी एकच विचारलं, रात्री उशिरा सुटल्यावर पोरगी खोलीवर कशी जाणार? २०१७च्या दुकानं-आस्थापनांच्या कायद्याप्रमाणे बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि तिला सुरक्षित घरी पोचवायची व्यवस्था मालकानं करायची असते. लेकीला बारमधल्या प्रशिक्षणाचं पत्र आलं की त्यात ही सोय लिहिलेली आहे का ते मी आधी बघणार आहे.